गावाची एकी झाली, आमचं मत गेलं

४ जानेवारी २०२१ ची संध्याकाळ. गोदीत दुसरी पाळी चालू होती. खिशात फोन वाजला. गावाकडनं आबांचा. आबा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. आठ दिवसांपूर्वी याच आबांचा फोन येऊन गेला होता. "पोरा, १५ तारखेला मतदान हाय. वडाळ्याला गाडी लावतो. जेवणखाण आपलं. खाडा पडला तर त्येचं बी बघू. समद्या पोरांना घिऊन ये." आणि आता म्हणाले, "आता यायची गरज न्हाय. तुमच्या वॉर्डातल्या तिन्ही जागा बिनविरोध झाल्या. गावाची एकी झाली."

मी म्हटलं, "बरं आबा." दुसरं काय म्हणणार होतो?

टोळीतल्या दोस्ताला सांगितलं. तो सांगलीकडचा, वाळवा तालुक्यातला. ज्या तालुक्यातल्या वाटेगावहून अण्णा भाऊ साठे पायी मुंबईला आले, तिथला. तो हसला. म्हणाला, "तुझी गाडी रद्द झाली व्हय? आमच्या वॉर्डात तर गाडी लागतच न्हाय. माझं नाव यादीत आल्यापासनं मी मशीन बघितलेलं न्हाय. दरवेळी एकीच होती."

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. एकी. कुणाची एकी? कुणाशी? आणि ती झाल्यावर माझं मत कुठं गेलं?

गाडीचं आधी सांगतो. कारण सातारा जिल्ह्याचा आणि आपल्या गाडीचा संबंध जुना आहे. १९०१ साली पोरवयातले बाबासाहेब साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरले. गोरेगावला बापाकडे जायचं होतं. बैलगाडीवाले गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं या अटीवर. दुप्पट पैसे मोजून गाडी मिळत नव्हती. आज त्याच जिल्ह्यातून वडाळ्यापर्यंत गाडी येते, फुकट येते, आत पाण्याच्या बाटल्या असतात. जात मेली म्हणून येते का? नाही. मत आहे म्हणून येते. आणि मताची गरज संपली की एका फोनवर गाडी रद्द होते. गाडी दोन्ही वेळा त्यांचीच.

पुढच्या सुट्टीला गावी गेलो. आमचं गाव खटाव तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण माझी चुलती अजून तिथंच राहते. तिला आम्ही नानी म्हणतो. आमच्या वॉर्डात एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव होती. नानीनं अर्ज भरला होता. सातवी शिकलेली. बचत गटाचा हिशोब तोंडपाठ. वस्तीतल्या बायांनीच तिला पुढं केलं होतं. छाननीत अर्ज मंजूर झाला. मग देवळात बैठक झाली. देवळात, म्हणजे जिथं नानी आजही सभामंडपाच्या खालीच उभी राहते. तिथं तिच्या जागेचा निर्णय झाला. नानी बैठकीला नव्हती. चुलत्याला बोलावलं होतं.

मी विचारलं, "नानी, धमकी दिली का कुणी?"

"न्हाय रं ल्येका. धमकी कशाला देत्यात? आबा लई गोड बोललं. म्हणालं, गावात आजवर भांडण न्हाय, तुमच्यामुळं व्हायला नगो. मग दुसऱ्या दिवशी डेरीवाला म्हणाला, दूध उद्यापासनं दुसरीकडं घाला. दुकानदारानं वही पुढं केली, उधारी भागवा म्हणाला. आन तुझ्या चुलत्याला रोजगाराला कुणी हाक मारली न्हाय. चार दिवस. पाचव्या दिवशी आमी अर्ज काढला."

चार दिवस! १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला तेव्हा मुंबईत वस्त्या पेटून उठल्या. पोरं रस्त्यावर उतरली, पेपरात बातम्या आल्या. इथं चार दिवसांचा बहिष्कार पडला आणि उठला, कुणाला पत्ता नाही. पोलिसात काय लिहून देणार? डेरीवाल्यानं दूध नाकारलं? दुकानदारानं स्वतःची उधारी मागितली? कायद्याच्या कुठल्या कलमात बसवणार?

जागेवर कोण आलं? आमच्याच वस्तीतली बाई. तिचा नवरा आबांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बाई वाईट नाही, तिला शिव्या द्यायच्या नाहीत. ती सही करते. जिथं बोट दाखवतील तिथं करते. पाच वर्षांत ती ग्रामसभेत एकदाही बोलली नाही. वस्तीच्या नावावर पेव्हर ब्लॉक आले. ते वस्तीतून सुरू झाले आणि आबांच्या वाड्याच्या दारापर्यंत गेले. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं जातीच्या नावाच्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, त्यामुळं आमच्याही वेशीला नवी पाटी लागली. पाटी चांगली आहे. पाटीच्या मागं सगळं तेच आहे.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याला वाटतं, जागा राखीव झाली म्हणजे जागा आपली झाली. दोस्तांनो, हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. उमेदवार आपला असला पाहिजे एवढंच कायदा म्हणतो. त्याला निवडणारे सगळे. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात अनुसूचित जाती शंभरात साधारण अकरा, सांगलीत साधारण साडेबारा. बाकीचे जे ठरवतील तो 'आपला' प्रतिनिधी. साधा हिशोब आहे, आणि तो बाबासाहेबांनी १९३२ सालीच मांडला होता. स्वतंत्र मतदारसंघ मागितला तो याच हिशोबापायी. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, स्वतंत्र मतदारसंघ गेला, त्याच्या बदल्यात राखीव जागा आल्या. पण त्या करारात एक गोष्ट होती जी आपण विसरलो. पहिली फेरी. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचं, त्यातून चार उमेदवार निवडायचे, आणि मग त्या चारांतून सगळ्यांनी एक निवडायचा. म्हणजे शेवटचा शब्द सगळ्यांचा असला तरी पहिला शब्द आपला. ही व्यवस्था दहा वर्षांची होती. दहा वर्षं गेली, पहिला शब्दही गेला. राहिली नुसती जागा.

पुणे कराराला महिनाही झाला नव्हता, तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं बिल आलं. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं होतं की ज्या गावात माणसं जातीनं विभागलेली आहेत, त्या गावाच्या हातात सत्ता आणि न्याय द्यायचा असेल तर आधी प्रत्येक प्रौढाला मत द्या. आणि नुसत्या मतानं भागणार नाही, अस्पृश्यांना पंचायतीत वेगळं प्रतिनिधित्व द्या. १९४८ साली घटना समितीत त्यांनी खेड्याबद्दल काय ऐकवलं ते आपल्याला पाठ आहे. पण १९३२ चं ते भाषण आपण वाचत नाही. त्यात त्यांना गाव नको होतं असं नाही. गावाच्या पंचायतीत आपला माणूस आपल्या जोरावर बसला पाहिजे, हे त्यांचं मागणं होतं.

पुढं काय झालं बघा. १९६२ साली महाराष्ट्रात पाटीलकी मोडायचा कायदा झाला. आणि त्याच १९६२ च्या १ मे ला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा लागू झाला. एका दारानं पाटील गेला आणि दुसऱ्या दारानं सभापती होऊन आला. मधल्या काळात साखर कारखाना आला, बँक आली, दूध संघ आला. पूर्वी पाटलाकडं फक्त चावडी होती. आता उसाची तोड, पीककर्ज, दुधाचा दर, पोराची कॉलेजातली जागा, सगळ्याच्या चाव्या एका कमरेला. नानीचा अर्ज चार दिवसांत कसा निघाला याचं उत्तर या चाव्यांत आहे.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. दलितांना लोकसंख्येप्रमाणे जागा, बायांना एक तृतीयांश, आणि २०११ पासून महाराष्ट्रात बायांना निम्म्या. कायदा चांगला. पण कायदा दारापर्यंत आला की गाव शहाणं होतं. ज्याला पाडता येत नाही त्याला ठरवायचं. याचंच नाव बिनविरोध.

तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात पप्पापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम ही गावं आहेत. १९९६ साली तिथलं अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झालं. २००६ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं, तिथल्या मोठ्या जातींनी ते पद धड चालू दिलं नाही. कुणी अर्ज भरला नाही, भरला तर निवडून आल्याबरोबर राजीनामा. त्याच जिल्ह्यातल्या मेलवळवूत मुरुगेशन निवडून आला आणि खुर्चीवर राहिला. ३० जून १९९७ ला त्याला आणि त्याच्याबरोबरच्या पाच जणांना कापून काढलं. आपल्याकडचे पुढारी हे वाचून म्हणतात, बघा, आमच्याकडं असलं काही नाही, आमचा जिल्हा पुरोगामी. खरं आहे. आमच्याकडं कोयता लागत नाही. डेरीची किटली पुरते.

पैशानं पद विकलं तर निदान पकडता येतं. २०२१ च्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाला. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेली. राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. लिलावाला बोली असते, आकडा असतो, व्हिडिओ निघतो. नानीच्या अर्जाला बोली नव्हती. भीतीचा लिलाव झाला आणि हातोडा वाजलासुद्धा नाही. त्याच हंगामात काही आमदारांनी गाव बिनविरोध करा आणि पंचवीस लाखांचा निधी घ्या असंही जाहीर केलं. म्हणजे आमच्या गप्प बसण्याला सरकारी पैशातून बक्षीस!

मशीनवर 'वरीलपैकी कोणीही नाही' असं एक बटण असतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते दिलं. उमेदवार आवडला नाही तर तेवढं तरी म्हणता येतं. बिनविरोध झालं की मशीनच येत नाही. होय म्हणायचं नाही, नाही म्हणायचंही नाही. मुकं मत. ज्या इंग्रजानं १८८२ साली लॉर्ड रिपनच्या ठरावानं इथं स्थानिक स्वराज्य रुजवायला घेतलं, त्याच्या देशातही खेड्यापाड्यातल्या पॅरिश कौन्सिलांत पुष्कळ जागा लढतीशिवाय भरतात. का, तर उभं राहायला माणूस मिळत नाही म्हणून. आमच्याकडं माणूस मिळतो. माणूस अर्ज भरतो, अर्ज मंजूर होतो, आणि मग माणसाला घरी बसवतात. दोन्हीकडं मतदान होत नाही, म्हणून दोन्ही एकच म्हणायचं का?

आणि साताऱ्या-सांगलीनं तरी आम्हाला एकीचं शिकवू नये. हा मुलूख नाही म्हणण्यासाठी नावाजलेला आहे. १९४३ ते १९४६ नाना पाटलांच्या प्रतिसरकारात इथल्या गावांनी इंग्रजांच्या कोर्टाला नाही म्हटलं आणि स्वतःची न्यायमंडळं चालवली. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. ते पुणे नगरपालिकेत सरकारनं नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायचा ठराव आला तेव्हा सगळी सभा होय म्हणाली आणि एकट्या जोतीरावांनी नाही म्हटलं. नेमणूक सरकारची, तरी तोंड स्वतःचं. तो ठराव त्यांच्यामुळं बिनविरोध होऊ शकला नाही. त्या एका नाहीचे आज आपण पुतळे उभारतो. मग आमची नानी नाही म्हणाली की गावाची एकी कशी काय मोडते?

आता थोडं आपल्याबद्दल. कारण सगळं आबांच्या डोक्यावर फोडून मला झोप लागणार नाही.

नानीनं अर्ज भरला तेव्हा मांगवाड्यातली आणि चांभारवाड्यातली किती माणसं तिच्या मागं होती? फार थोडी. का? कारण आम्ही बौद्धांनी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. जागा आमचीच असं आम्ही धरून चाललो होतो. गावाला हे बरोबर कळतं. बौद्ध बोलतो, प्रश्न विचारतो, म्हणून राखीव जागेवर बौद्ध नको, दुसरा चालेल, असं देवळात उघड बोललं जातं. आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला नको, बौद्धच बरा, असंही बोललं जाईल. ते आपल्याला एकमेकांवर खेळवतात आणि आपण खेळतो. ज्या अण्णा भाऊंनी आपली 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली, त्यांच्या तालुक्यात आणि शेजारच्या जिल्ह्यात ही स्थिती.

दुसरं, आपण मुंबईकर. जयंतीला गावी जातो, डीजे लावतो, बॅनरवर स्वतःचा फोटो टाकतो. नानीवर चार दिवस बहिष्कार पडला तेव्हा मी कुठं होतो? मी आबांच्या गाडीची वाट बघत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. माझ्या पुतण्यानं फोन केला असता तर आम्ही दहा पोरांनी पाचपाचशे काढून दुकानदाराची वही बंद केली असती. दूध महिनाभर घरात तापवून खवा केला असता. पण आम्हाला कुणी कळवलं नाही, कारण आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

गटबाजीबद्दल तर बोलायलाच नको. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे आज किती गट आहेत ते नेत्यांनाच सांगता येणार नाही. हे नेते विधान परिषदेच्या एका जागेसाठी ज्यांच्या दारात उभे राहतात, त्यांचेच आबा गावोगावी आमचे अर्ज काढून घेतात. वर आघाडी आणि खाली किटली.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे. पुणे करारातली पहिली फेरी आपण आपल्या वस्तीत परत आणायची. त्याला कायदा लागत नाही आणि कुठल्या कायद्यानं ती अडवलेली नाही. आरक्षणाची सोडत निघाली की देवळातल्या बैठकीच्या आधी आपली बैठक. समाजमंदिरात. बौद्ध, मातंग, चांभार, होलार, जे कुणी त्या जागेला पात्र आहेत ते सगळे, आणि बाया पुढं बसलेल्या. चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. जिंकेल तो आपला उमेदवार, मग तो कुठल्या का वाड्यातला असेना. अर्ज भरला की मागं घ्यायचा नाही. आणि अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंत जे पंधरावीस दिवस जातात, तेवढ्या दिवसांचा किराणा आणि रोजगार मुंबईच्या पोरांनी उचलायचा. एवढंच. क्रांती म्हणावी असं यात काहीच नाही.

आमचे एक आजोबा म्हणतात, "आरं, निवडणूक लढवली तर पडशील. मतं त्यांची हायत. आन वैर कायमचं." आजोबा, पडू की. पण मशीनवर पडू. आबांना मतं मागायला वस्तीत यावं लागेल, प्रश्न ऐकावे लागतील. गावात पॅनल दोन असतात, दोघांची भांडणं असतात. दोघे समोरासमोर आले की आपली गठ्ठ्यातली साठसत्तर मतं जड होतात. बिनविरोधात ती शून्य. दोघं देवळात एक झाले की आपण संपलो, म्हणून तर एकीची एवढी घाई. आणि वैराचं म्हणाल, तर एका पदासाठी उभं राहिल्यानं ज्यांचं वैर होतं त्यांची मैत्री चार दिवसांच्या दुधाएवढीच होती.

निवडून आल्यावर काय विचारायचं तेही सांगून ठेवतो. ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले शंभरात पंधरा रुपये मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले शंभरात वीस. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा असतेच. उभं राहायचं आणि विचारायचं, पंधरा रुपये कुठं गेले? पेव्हर ब्लॉक कुणाच्या दारात संपले? प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या म्हणायचं. लिहिल्याशिवाय बसायचं नाही. जिल्हा परिषदेचे सभासद मार्च २०२२ मध्ये मुदत संपून घरी गेले आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकानं कारभार हाकला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. या सगळ्या काळात आपण वीस रुपयांचा हिशोब मागितला का? मत नसलं तरी तोंड होतं ना?

जानेवारी २०२१ ला निवडून आलेल्या पंचायतींची पाच वर्षं २०२६ ला भरली. पुन्हा फोन वाजणार, गाडी लागणार. नानीशी बोललो. ती म्हणाली, "अर्ज भरीन. पर या वक्ताला पाच दिवस न्हाय, पंधरा दिवस काढायची तयारी कर, तुज्या त्या दोस्तालाबी सांग."

दोस्ताला सांगितलंय. टोळीत डबा फिरवतोय. आणि यावेळी गावी जाताना आम्ही एस.टी.नं जाणार आहोत, स्वतःचं तिकीट काढून.